बऱ्हाणपूरच्या छावणीतून चीनच्या भिंतीपर्यंत : ब्रदर बेंतो द गोइश यांची जीवनयात्रा

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सावदा, निंभोरा, रावेर ही केळीच्या बागांमधली स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. आज हे शहर मध्य प्रदेशात मोडते. परंतु चारशे वर्षांपूर्वी ते खान्देशची राजधानी होते. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याची गादी आपल्या धुळे जिल्ह्यातील, शिरपूर तालुक्यातील थाळनेरला होती. तापीकाठच्या त्या गावात फारुकी राजांच्या कबरी आजही पाहावयास मिळतात. मलिक राजाचा पुत्र नासिरखान याने असीरगडाचा किल्ला घेतला आणि तापीच्याच काठी बऱ्हाणपूर वसविले.

या बऱ्हाणपूरच्या भूमीवर एका ख्रिस्ती धर्मबंधूने काही महिने वास्तव्य केले होते आणि येथून गोव्याला परतल्यावरच त्याला आयुष्यातील सर्वात मोठ्या प्रवासाची आज्ञा मिळाली, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या धर्मबंधूचे नाव बेंतो द गोइश. इंग्रजी ग्रंथांत त्यांचा उल्लेख बेनेडिक्ट गोएस असा येतो. मध्ययुगानंतर भारतातून निघून, हिंदुकुश आणि पामीर ओलांडून, खुष्कीच्या मार्गाने चीनपर्यंत पोहोचलेले पहिले युरोपीय प्रवासी म्हणून जगाच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. त्यांची जीवनकथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सैनिकाचा धर्मबंधू झाला

बेंतो यांचा जन्म इ. स. १५६२ च्या सुमारास अटलांटिक महासागरातील अझोरेस बेटांपैकी साओ मिगेल या बेटावर, विला फ्रांका दो कांपो या गावी झाला. हा द्वीपसमूह पोर्तुगालच्या ताब्यात होता. तेथील अनेक तरुणांप्रमाणे बेंतो हेही पोर्तुगीज सैन्यात भरती होऊन भारतात आले. सैनिकी जीवनातील बेबंदपणा त्यांच्याही वाट्याला आला होता. दक्षिणेकडे, त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील कुळच्चल येथील एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले असता त्यांना आपल्या गतजीवनाचा विलक्षण पश्चात्ताप झाला. त्यांनी पापनिवेदन केले आणि शस्त्र खाली ठेवून येशूसंघात प्रवेश मागितला.

परंतु ही वाट सरळ नव्हती. काही काळ संघात राहिल्यानंतर ते बाहेर पडले आणि १५८८ मध्ये पुन्हा आत आले. दुसऱ्यांदा आत आलेले बेंतो मात्र पुन्हा मागे वळले नाहीत. ते धर्मगुरू झाले नाहीत. अखेरपर्यंत साधे धर्मबंधू म्हणूनच राहिले. ही बाब आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण या कथेच्या शेवटी तिला फार महत्त्व आहे.

अकबराच्या दरबारी

सम्राट अकबराला निरनिराळ्या धर्मांविषयी जिज्ञासा होती. त्याच्या निमंत्रणावरून येशूसंघाचे पहिले मंडळ १५८० साली फत्तेपूर सिक्रीला गेले. त्या मंडळात धन्यवादित रुडॉल्फ अक्वाविवा आणि फादर आंतोनी मॉन्सेरात होते. सुरतेहून निघालेले हे मंडळ तापीच्या खोऱ्यातून, सध्याच्या शहादा तालुक्यातील सुलतानपूरमार्गे सेंधवा आणि मांडूकडे गेले. म्हणजे आपल्या खान्देशच्या मातीला येशूसंघीयांची पावले तेव्हाच लागली होती.

तिसरे मंडळ डिसेंबर १५९४ मध्ये गोव्याहून निघाले आणि मे १५९५ मध्ये लाहोरला पोहोचले. त्याचे प्रमुख होते फादर जेरोम झेवियर. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचे ते नातू. त्यांच्यासोबत फादर मानुएल पिन्येरो आणि ब्रदर बेंतो होते. बेंतो फार्सी शिकले, दरबाराच्या रीतिभाती शिकले. १५९७ मध्ये अकबर काश्मीरला गेला, तेव्हा फादर जेरोम आणि ब्रदर बेंतो हे दोघेही त्याच्यासोबत होते. त्या काळी काश्मीरात भीषण दुष्काळ पडला होता आणि रस्त्यात टाकून दिलेली मरणोन्मुख बालके त्यांनी पाहिली. प्रवास, थंडी, भूक आणि परक्यांची वस्ती यांची ओळख त्यांना तेथेच झाली.

असीरगडाची परीक्षा

१५९९ मध्ये अकबर दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला. मार्च १६०० च्या अखेरीस त्याने बऱ्हाणपूर घेतले. खान्देशचा शेवटचा फारुकी राजा बहादूरखान असीरगडावर जाऊन बसला होता. वेढा पडला आणि तो जानेवारी १६०१ पर्यंत चालला. या काळात फादर जेरोम आणि ब्रदर बेंतो हे बादशाही छावणीत होते.

असीरगड सहजी हाती येत नाही असे दिसताच अकबराने गोव्याहून पोर्तुगीज तोफा मागवून देण्याविषयी फादर जेरोम यांना सांगितले. फादरांनी ते आपल्या धर्माला धरून नाही म्हणून स्पष्ट नकार दिला. बादशहा संतापला आणि त्यांना छावणीतून निघून जाण्याचा हुकूम झाला. दरबारातील एका हितचिंतकाच्या सल्ल्याने ते तेथेच थांबले आणि काही दिवसांनी बादशहाचा राग शांत झाला. अखेरीस किल्ला पडला. तो फितुरीने पडला, पैशाने पडला की रोगराईने, याविषयी दरबारी बखरकार आणि येशूसंघीयांची पत्रे यांचे एकमत नाही. बहादूरखान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, खान्देश मोगलांचा सुभा झाला आणि राजपुत्र दानियाल याच्या नावावरून अकबराने त्याला दानदेश असे नाव दिले.

युद्धात पाडाव झालेल्यांत काही पोर्तुगीज वंशाचे लोक आणि त्यांची मुलेबाळे होती. त्यांना सोडवून घेण्याचे काम या मिशनऱ्यांनी केले. मार्च १६०१ मध्ये अकबराने बऱ्हाणपूरहून गोव्याच्या व्हाइसरॉयकडे आपला वकील धाडला, तेव्हा त्याच्यासोबत ब्रदर बेंतो यांनाही पाठविले. सुटका झालेली मुले त्यांच्याबरोबर गोव्याला गेली. बऱ्हाणपूरहून पश्चिम किनाऱ्याकडे उतरणारा त्या काळचा व्यापारी रस्ता चोपडा, थाळनेर, नंदुरबार या आपल्याच गावांवरून जात असे. उन्हाळ्याच्या ऐन तापात निघालेले हे मंडळ मे अखेरीस गोव्यात पोहोचले.

एका वृद्ध व्यापाऱ्याची बातमी

गोव्यात बेंतो यांच्यापुढे एक नवे कार्य वाढून ठेवले होते. काही वर्षांपूर्वी लाहोरच्या दरबारात फादर जेरोम यांना एक वृद्ध मुसलमान व्यापारी भेटला होता. आपण तेरा वर्षे खिताई देशात राहिलो, तेथील लोकांत पुष्कळ ख्रिस्ती आहेत, त्यांची मोठी मंदिरे आहेत, दिवे आणि मूर्ती आहेत, ब्रह्मचारी धर्मगुरू आहेत, असे त्याने सांगितले. खिताई म्हणजे मार्को पोलोच्या ग्रंथातील कॅथे. हा देश चीनहून वेगळा आणि चीनच्या पलीकडे आहे, अशी युरोपात समजूत होती. कोणाच्याही संपर्कात नसलेले ते ख्रिस्ती बांधव कोण असतील, त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे कसे, या विचाराने फादर जेरोम अस्वस्थ झाले आणि त्यांनी वरिष्ठांना कळविले.

याच सुमारास, जानेवारी १६०१ मध्ये, फादर मातेओ रिची हे पेकिंगला पोहोचले होते. मार्को पोलोची कॅथे आणि आपण राहतो तो चीन हे दोन्ही एकच आहेत, असा रिची यांचा निष्कर्ष होता आणि तो त्यांनी भारतात कळविलाही होता. परंतु व्यापाऱ्याचे वर्णन आणि रिची यांचे पत्र यांचा मेळ बसेना. कोणीतरी खुष्कीच्या मार्गाने प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याखेरीज निकाल लागणार नव्हता. येशूसंघाचे निरीक्षक फादर निकोलाव पिमेंता यांनी या कार्यासाठी ब्रदर बेंतो यांची निवड केली. व्हाइसरॉयने साह्य केले आणि अकबरानेही परवाने आणि पैसा दिला.

ईसाई हे नाव

२९ ऑक्टोबर १६०२ रोजी ब्रदर बेंतो आग्र्याहून निघाले. धर्मबंधूच्या वेषात त्या मार्गाने जाणे अशक्य होते. त्यांनी आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेतला, केस आणि दाढी वाढविली, डोक्याला पागोटे बांधले, कमरेला तलवार लावली आणि व्यापाराचा माल बरोबर घेतला. नाव घेतले अब्दुल्ला ईसाई. अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास आणि ईसाई म्हणजे ख्रिस्ती. वेष बदलला, परंतु धर्म लपविला नाही. पुढील साडेचार वर्षे हे नाव त्यांनी मिरविले आणि त्यासाठी अनेकदा जीव धोक्यात घातला.

त्यांच्यासोबत दोघे ग्रीक निघाले होते. त्यांपैकी एक जण काबूलहून परत फिरला आणि दुसरा व्यापारासाठी मागे थांबला. शेवटपर्यंत साथ दिली ती लाहोरला राहणाऱ्या आयझॅक नावाच्या आर्मेनियन गृहस्थाने. त्याला बायको होती, संसार होता. या कथेत बेंतो यांच्याइतकाच आयझॅकही आमच्या मनात राहतो.

१६०३ च्या प्रायश्चित्तकाळात लाहोरहून सुमारे पाचशे माणसांचा काफिला निघाला. अटकेला सिंधू ओलांडली, पेशावर मागे पडले. डोंगरांतील लुटारूंनी वरून दगडांचा मारा केला आणि पुष्कळ जण जखमी झाले. काबूलला मोठा मुक्काम पडला. तेथे काशगरच्या खानाची बहीण मक्केच्या यात्रेहून परतत होती. तिच्यापाशी पैसा उरला नव्हता. बेंतो यांनी आपला काही माल विकून तिला सहाशे सोन्याची नाणी दिली आणि त्यावर व्याज घेण्याचे नाकारले. तिचा पुत्र खोतानचा राजा होता. हे औदार्य पुढे कसे उपयोगी पडले, ते आपण पाहणारच आहोत.

काबूलहून पुढे हिंदुकुश, बदखशाण आणि मग पामीरचे पठार. तेथील थंडीने आणि विरळ हवेने घोडे मेले, माणसे बेजार झाली. एके ठिकाणी आयझॅक बर्फाळ काठावरून नदीत पडला आणि कित्येक तास बेशुद्ध होता. बेंतो यांनी त्याला ऊब देऊन शुद्धीवर आणले. अखेर नोव्हेंबर १६०३ मध्ये, लाहोर सोडल्यानंतर नऊ-दहा महिन्यांनी, ते यार्कंदला पोहोचले.

यार्कंद : अनोळखी शहरातील एक वर्ष

यार्कंद हे काशगर राज्याच्या राजधानीचे शहर होते. आज ते चीनच्या शिंज्यांग प्रांतात आहे. महिनोन्‌महिने ओसाड डोंगर आणि हिम पाहिलेल्या प्रवाशांना तेथील गजबजलेली बाजारपेठ पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. काबूलकडून आलेले काफिले येथेच संपत आणि खिताईकडे जाणारे नवे काफिले येथेच जमत. मात्र नवा काफिला जमावयास पुष्कळ काळ लागे. काफिल्याच्या प्रमुखाचे पद राजा पैसे घेऊन विकत असे आणि त्या प्रमुखाचा शब्द वाटेत सर्वांना मानावा लागे. एकट्याने निघणे म्हणजे मरणाला आमंत्रण देणे होते.

बेंतो यांनी या शहराकडे बारकाईने पाहिले. तेथील सर्वांत मोठा व्यापार होता जेड या हिरव्या-पांढऱ्या मौल्यवान पाषाणाचा. त्याचा एक प्रकार खोतानच्या नदीच्या पात्रातून बुडी मारून काढीत, तर दुसरा दूरच्या डोंगरातून खणून आणीत. डोंगरातील पाषाण इतका कठीण असे, की अग्नी पेटवून तो मऊ करावा लागे. चीनच्या सम्राटाला या पाषाणाची फार आवड होती आणि त्याच्या दरबारी याला मोठी किंमत येई. म्हणून खिताईला जाणारा प्रत्येक जण येथे जेड खरेदी करी.

शहरात एक ईसाई आला आहे, ही बातमी लगेच पसरली. खानाने त्यांना बोलाविले. बेंतो यांनी घड्याळ, आरसा आणि युरोपीय वस्तू भेट दिल्या. खान प्रसन्न झाला. त्याने त्यांच्या प्रार्थनापुस्तकातील काही भाग वाचून घेतला आणि त्याचा अर्थ विचारला. या प्रदेशात विद्वानांनीही त्यांना धर्माविषयी प्रश्न केले. प्रार्थना करताना तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करता, असे विचारले असता, परमेश्वर सर्वत्र असल्याने आम्हाला सर्व दिशा सारख्याच, असे उत्तर त्यांनी दिले. काहींना ते आवडले, काहींना रुचले नाही. एखाद्याने अंगावर धावून जावे आणि दुसऱ्याने मध्ये पडून वाचवावे, असेही प्रसंग त्यांच्यावर आले. सहृदय माणसे आणि निष्ठुर माणसे दोन्ही त्यांना सर्वत्र भेटली.

काफिला जमेपर्यंत बेंतो आपले कर्ज परत घेण्यासाठी खोतानला गेले. परतीला उशीर झाला. इस्लाम न स्वीकारल्याने त्यांना ठार मारले, अशी वार्ता यार्कंदमध्ये उठली. एकट्या पडलेल्या आयझॅकने शोक मांडला. आणि एके दिवशी बेंतो सुखरूप परतले! खोतानच्या राजमातेने कर्जाची फेड उत्तम प्रतीच्या जेडने, उदार हाताने केली होती. त्या आनंदात त्यांनी शहरातील गरिबांना दानधर्म केला.

कचऱ्यातला कागद

नोव्हेंबर १६०४ मध्ये काफिला यार्कंदहून निघाला. वाटेत अक्सू लागले. तेथील राजा बारा वर्षांचा मुलगा होता, यार्कंदच्या खानाचा पुतण्या. बेंतो यांनी त्याला खडीसाखरेसारख्या गोड वस्तू दिल्या. दरबारात नृत्य चालले होते. तुमच्या देशात कसे नाचतात, असे त्या बालराजाने विचारले. एवढ्याशा गोष्टीसाठी मुलाचे मन कशाला मोडावे, म्हणून हा चाळिशी ओलांडलेला धर्मबंधू भर दरबारात स्वतः नाचून दाखविता झाला! त्यांच्या संपूर्ण प्रवासवृत्तांतात हा प्रसंग आम्हाला फार लोभस वाटतो.

पुढे कुचा आणि नंतर काराशहर. काराशहरी तीन महिने मुक्काम घडला. तेथे खिताईहून परतणारा काफिला भेटला. त्यांतील व्यापारी पेकिंगच्या परदेशी वकिलांच्या सरकारी निवासात काही काळ राहिले होते. त्याच निवासात आपल्याबरोबर काही परदेशी धर्मोपदेशक होते, अशी हकिगत त्यांनी सांगितली. एकाने तर तेथील केरकचऱ्यातून कुतूहलाने उचललेला एक लिहिलेला कागद दाखविला. बेंतो यांनी तो हाती घेतला. अक्षरे पोर्तुगीज होती! तो कागद फादर रिची आणि त्यांचे सोबती यांच्याच निवासातील होता.

एका क्षणात सर्व उलगडा झाला. खिताई म्हणजेच चीन आणि तेथील राजधानी खानबालिक म्हणजेच पेकिंग. रिची यांचे म्हणणे खरे होते. वृद्ध व्यापाऱ्याने वर्णिलेला ख्रिस्ती समाज तेथे नव्हता. त्याने पाहिलेली मंदिरे, दिवे आणि ब्रह्मचारी पुरोहित बहुधा बौद्ध धर्माचे असावेत. ज्या बांधवांच्या शोधासाठी बेंतो निघाले होते ते तेथे नव्हते, परंतु ज्यांना ते शोधीत नव्हते ते संघबंधू मात्र तेथे होते. खचून जाण्याऐवजी ते हर्षित झाले आणि सावकाश चालणारा काफिला मागे सोडून थोड्या माणसांनिशी पुढे निघाले.

तुरफान, हामी आणि मग गोबीचे वाळवंट. लुटारूंच्या भयाने रात्रीच चालावे लागे. वाटेत मारल्या गेलेल्या प्रवाशांचे मृतदेह पडलेले दिसत. अशाच एका रात्री बेंतो घोड्यावरून पडले. अंधारात पुढे गेलेल्या सोबत्यांच्या ते लक्षातही आले नाही. पुढच्या मुक्कामावर आयझॅकला ते दिसेनात, तेव्हा तो एकटा मागे फिरला. काळोखात येशूच्या नावाचा धावा ऐकू आला आणि त्या आवाजाच्या रोखाने जाऊन त्याने त्यांना शोधून काढले.

चीनच्या वेशीत

जियायुग्वान येथे चीनची प्रसिद्ध भिंत लागली. आत शिरण्याच्या परवानगीसाठी पंचवीस दिवस थांबावे लागले. १६०५ च्या अखेरीस ते सूचौ या गावी पोहोचले. गान्सू प्रांतातील या शहराला आता ज्युच्वान म्हणतात. शहराचे दोन भाग होते. एकात चिनी लोक राहत आणि दुसऱ्यात पश्चिमेकडून आलेले मुसलमान व्यापारी. व्यापाऱ्यांच्या भागाला वेगळा तट होता आणि रात्री त्याचे दरवाजे बंद होत. राजधानीकडे जाण्यास सम्राटाची परवानगी लागे आणि ती मिळावयास वर्षानुवर्षे लागत. पेकिंग आता दूर नव्हते, पण वाट बंद होती.

बेंतो यांना चिनी भाषा येत नव्हती. रिची यांचा पत्ता चिनी लिपीत लिहिता येत नव्हता. त्यांनी पाठविलेले पहिले पत्र पोहोचलेच नाही. दुसरे पत्र नोव्हेंबर १६०६ मध्ये पेकिंगला पोहोचले. फादर रिची यांनी तत्काळ जुवांव फर्नांदिश नावाच्या तरुण चिनी धर्मबंधूला पाठविले. ऐन हिवाळ्यात तो निघाला. वाटेत त्याचाच नोकर पैसे आणि सामान घेऊन पळाला. तरीही तो चालत राहिला आणि मार्च १६०७ च्या अखेरीस सूचौला आला.

त्या वेळी बेंतो अंथरुणाला खिळले होते. सव्वा वर्षाच्या प्रतीक्षेत त्यांचा पैसा संपला होता, शरीर थकले होते. तरुणाने आत येऊन पोर्तुगीज भाषेत नमस्कार केला. कित्येक वर्षांनी ते शब्द कानी पडले. बेंतो यांनी रिची यांचे पत्र दोन्ही हातांनी वर उचलले आणि अश्रुभरल्या नेत्रांनी वृद्ध शिमोनाचे ते स्तोत्र म्हटले, जे आपणही रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतो.

११ एप्रिल १६०७ रोजी, पवित्र आठवड्यातील बुधवारी, ब्रदर बेंतो यांनी देह ठेवला. पास्काचा सण चार दिवसांवर होता. वय पंचेचाळिसाच्या आतबाहेर. आग्र्याच्या दिशेची सारी गावे मागे सोडल्यापासून त्यांना मिस्साबलिदान नाही, ख्रिस्तशरीर नाही, पापनिवेदनास धर्मगुरू नाही. ते स्वतः धर्मगुरू नव्हते आणि त्यांच्या उशाशी बसलेला तरुणही धर्मगुरू नव्हता. दर रविवारी चर्चच्या घंटेचा आवाज ऐकणाऱ्या आपण या गोष्टीचा क्षणभर तरी विचार करावा.

फाटलेली वही

बेंतो आपल्या प्रवासाची रोजनिशी लिहीत असत. त्याच वहीत कोणा व्यापाऱ्याकडून किती येणे आहे, याच्याही नोंदी होत्या. ते मरण पावताच ऋणको धावले आणि त्यांनी वही फाडून टाकली. आजच्या काळात मध्य आशियाचा अमोल इतिहास ठरला असता, असा तो ग्रंथ काही लोकांचे कर्ज बुडावे म्हणून नष्ट झाला. मालमत्ता लुटली गेली, आयझॅकला बांधून ठेवण्यात आले. जुवांवने न्यायालयात दाद मागितली. खटला सुमारे पाच महिने चालला. सुरुवातीला जुवांव आणि आयझॅक यांना एकमेकांची भाषाही येत नव्हती. त्या महिन्यांत जुवांव आयझॅककडून फार्सी शिकला. अखेर न्याय मिळाला आणि जे काही उरले होते ते घेऊन दोघे पेकिंगला गेले. वहीचे हाती लागलेले तुकडे, तीन राजांचे परवाने आणि सोनेरी कागदावर रंगविलेला एक क्रूस एवढीच संपत्ती त्यांच्यापाशी होती.

फादर रिची यांनी ते तुकडे जुळविले, आयझॅकच्या तोंडून हकिगत ऐकली आणि आपल्या लेखनात ती नोंदवून ठेवली. रिची १६१० मध्ये निवर्तले. त्यांचे लेखन फादर निकोला त्रिगो यांनी १६१५ मध्ये लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले आणि बेंतो यांची कथा जगाला कळली. त्यानंतर युरोपच्या नकाशांवर रेखाटलेला कॅथे नावाचा वेगळा देश हळूहळू पुसला गेला.

आयझॅकचे पुढे काय झाले? तो मकावहून जहाजाने भारताकडे निघाला. वाटेत डच लोकांनी जहाज पकडले. मलाक्काच्या पोर्तुगिजांनी त्याची सुटका केली. भारतात पोहोचल्यावर त्याला कळले, की आपली पत्नी या जगात नाही. मग तो लाहोरला गेलाच नाही. आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्यातील चौल येथे तो स्थायिक झाला. चौल त्या वेळी पोर्तुगिजांचे मोठे ठाणे होते आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे आपले कॅथलिक बांधव राहतात. खान्देशच्या छावणीशी जोडलेली ही कथा अशा रीतीने आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन थांबते.

आपल्यासाठी

ब्रदर बेंतो यांचा सण पंचांगात नाही. एखाद्या मोठ्या समाजाचे धर्मांतर त्यांनी केले नाही. ज्यांना भेटावयास ते निघाले ते लोक अस्तित्वातच नव्हते. मग त्यांचे कार्य फुकट गेले काय? आम्हाला तसे वाटत नाही. ऐकीव गोष्टीची खातरी करून घेण्यासाठी त्यांनी आपले आयुष्य दिले. आणि उत्तर आपल्या अपेक्षेहून निराळे आले, तेव्हा ते प्रामाणिकपणे स्वीकारले. अडचणीत सापडलेल्या परधर्मीय स्त्रीला त्यांनी बिनव्याजी पैसे दिले, बालराजाच्या समाधानासाठी ते नाचले, मित्राला मृत्यूच्या दारातून परत आणले आणि त्या मित्राने त्यांना वाळवंटात शोधून काढून त्याची परतफेड केली.

आज खान्देशातील आपलीही मुले सुरतेला, पुण्याला, आखाती देशांत पोटापाण्यासाठी जातात. अनोळखी शहर, अनोळखी भाषा, जवळपास चर्च नाही, ओळखीचे कोणी नाही, असा अनुभव त्यांच्याही वाट्याला येतो. त्यांच्या घरच्यांनी आणि त्यांनी स्वतःही हा अब्दुल्ला ईसाई आठवावा. त्याने वेष बदलला, भाषा बदलली, पण आपले नाव सांगताना आपला विश्वास कधी वगळला नाही.

पुढच्या वेळी रावेरहून पुढे जाताना असीरगडाचा डोंगर खिडकीतून दिसला, तर या साध्या धर्मबंधूसाठी आणि त्याच्या विश्वासू सोबत्यासाठी एक छोटी प्रार्थना अवश्य करावी, एवढीच वाचकांना आमची विनंती.